अक्षर आणि घाट

मराठी समीक्षेने ‘घाट’ हा शब्द मोठ्या जिव्हाळ्याने जवळ केला आहे. कादंबरीचा घाट, लघुकथेचा घाट, कवितेचा घाट असे आपण सहज लिहून जातो. आणि हाच शब्द कासाराच्या दुकानातही चालतो, याची आठवण आपल्याला क्वचितच राहते. आमच्या दवनीवाड्याकडे मात्र घाट म्हटला की अजून भांड्याचाच. बाई गुंड विकत घेते तेव्हा बुडाशी टिचकी मारून आवाज ऐकते, काठावरून बोट फिरवते, आणि मग तो हातभर लांब धरून त्याचा घाट पाहते. तिचे हे पाहणे कोणत्याही समीक्षकाच्या पाहण्याहून उणे असते असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षभरात अशाच एका गुंडाने मला घाटाविषयी जे शिकवले, ते या लेखात मांडण्याचा विचार आहे. विषय वरकरणी तांत्रिक आहे. गोल, फुगीर पृष्ठभागावर खोदायची अक्षरे संगणकात कशी घडवावीत, एवढाच तो प्रश्न. शिक्षणाने मी मॅट्रिक, ज्याला आता दहावी म्हणतात. शाळेत मी चित्रकला आणि कार्यानुभव शिकवते, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. अक्षरावर बोलण्याचा मात्र थोडासा आहे, असे मी समजते.

गुंड माझ्या आईचा. ती लग्न होऊन या गावी आली तेव्हा तिच्या मामाने दिलेला. त्या काळी आमचा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. भंडाऱ्याच्या पितळेचे नाव दूरवर होते, आणि लग्नातले भांडे म्हणजे पितळेचे, त्यावर नाव घातलेले, हे ठरलेलेच असे. नाव न घातलेले भांडे दिले तर देणाराच ओशाळायचा. गुंडाच्या खांद्यावर गोलाकार मजकूर आहे: आधी चि. सौ. कां. आणि आईचे नाव, मग ‘हिस शुभविवाहप्रीत्यर्थ मामाकडून भेट’, आणि शेवटी ‘सन १९७४’. आईचे नाव मी इथे लिहीत नाही. ते गुंडावर आहे, तिथेच बरे आहे.

आई गेली. गुंडाचे बूड त्याआधीच गेले होते. एकदा डाग लावून झाला, दुसऱ्यांदा कोणी लावून देईना. येत्या उन्हाळ्यात मुलीचे लग्न आहे. आजीच्या गुंडाचा घाट आणि त्यावरचा मजकूर, फक्त नावे आणि साल बदलून, नव्या गुंडावर उतरवून तिला द्यावा असे माझ्या मनाने घेतले. बाजारात चौकशी केली, तर हाताने नाव घालणारा माणूस मिळेना. विजेच्या पेनाने खरडून देणारे मिळाले, पण ते खरडणेच होते. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी, जो यंत्रांचे आराखडे करण्याच्या नोकरीत बाहेरगावी आहे, दिवाळीला घरी आला असता म्हणाला, “बाई, मी कॅडमध्ये मॉडेल करून देतो. यंत्र खोदून देईल.” मी हो म्हटले. त्याने तीन वेळा मॉडेल केले, आणि तिन्ही वेळा मी ते एखाद्या हस्तलिखितासारखे वाचले. ही त्या तीन आवृत्त्यांची समीक्षा आहे.

प्रथम मूळ संहितेकडे पाहू. जुन्या गुंडावरची अक्षरे सलग रेघेची नाहीत. टोकदार छिन्नीवर हलकी हातोडी मारीत एकेक ठिपका पाडला आहे, आणि ठिपक्यांच्या रांगेतून अक्षर उभे राहिले आहे. कारागिराने सर्वांत आधी काय केले असेल, तर गळ्याच्या खाली संबंध भांड्याभोवती एक वर्तुळ फिरवले. हे ओळखता येते, कारण मजकूर संपतो तिथेही ते वर्तुळ थांबत नाही; एका लहानशा फुलावरून जाऊन ते स्वतःला मिळते. हीच त्याची शिरोरेषा. अक्षरे नंतर तिला टांगली. सुरुवातीला ती ऐसपैस आहेत. ‘मामाकडून’पर्यंत येता येता जागा कमी पडू लागल्याचे त्याच्या ध्यानात आले असावे, आणि ‘सन १९७४’ तर पार दाटीवाटीने बसले आहे. दोष आहे, यात शंका नाही. पण एकही अक्षर वाकडे वाटत नाही, आणि गुंड हातात फिरवीत वाचत गेले की मजकूर आपल्याबरोबर चालतो.

आता पहिली आवृत्ती. विद्यार्थ्याने मजकूर टंकलिखित करून मॉडेलवर आणला आणि मला दाखवला. ‘शुभविवाह’मधल्या ‘वि’ची वेलांटी व-च्या मागे जाऊन बसली होती. ‘प्रीत्यर्थ’मधला रफार उतरून त्याचा पाय मोडका र झाला होता, आणि त-य यांची फारकत झाली होती. पाय मोडलेल्या अक्षरांची ती रांग पाहून मला आमच्या पहिलीच्या वर्गाची आठवण झाली. हे का होते, ते त्याने समजावले. १९९१ साली युनिकोड आले तेव्हापासून संगणक देवनागरी अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतो: आधी व, मग इकार. डोळ्याला तो इकार आधी दिसावा आणि जोडाक्षर जुळून यावे, यासाठी मध्ये एक निराळी व्यवस्था लागते. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती असते. यंत्रभाग घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा ती नसते, कारण ते करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकामागे एक सुटी उभी राहणारी रोमन अक्षरे असतात.

त्याने मग मजकूर आधी दुसरीकडे जुळवला, अक्षरांच्या बाह्यरेषा काढून घेतल्या आणि त्या आणल्या. अक्षरे शुद्ध झाली. पण शिरोरेषेवर जागोजागी पितळेचे बारीक चौकोन न खोदता उभे राहिलेले दिसले. याचेही कारण मनोरंजक आहे. संगणकातल्या देवनागरी टंकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारणीवर जराशी चढवलेली असते. छपाईत दोन अक्षरांच्या मध्ये फट दिसू नये म्हणून टंककाराने जाणून केलेली ती योजना असते. शिशाच्या खिळ्यांच्या काळी ही सोय नव्हती. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची सुबक अक्षरे आपण नावाजतो, पण कोणत्याही छापखान्याचे खिळे झिजले की शिरोरेषेला पांढऱ्या भेगा पडतच. कागदावर एकावर एक चढलेली शाई दिसत नाही. खोदकामात मात्र दोन आकृती एकमेकींवर चढल्या की काही सॉफ्टवेअर तेवढा भाग आकृतीबाहेरचा समजते आणि तिथली धातू राखून ठेवते. उपाय सोपा होता: सर्व अक्षरे आधी एकजीव करायची, मग खोदायची. पण त्या चौकोनांनी मला पहिल्यांदा जाणवून दिले की, देवनागरीत अक्षर हा घटक नव्हेच. शब्द हा घटक आहे, आणि त्याला एकत्र धरणारी आडवी रेघ हा त्याचा प्राण आहे.

ही रेघ लिपीत नेहमीच होती असे नाही. अशोकाच्या स्तंभांवरचे लेख ब्राह्मीत आहेत, आणि ब्राह्मीला शिरोरेषा नाही. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तोपऱ्याहून दिल्लीस आणवलेला, आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ज्याच्यावरचा लेख वाचला, तो स्तंभ गोलच आहे. पण त्यावरची अक्षरे सुटी आहेत. प्रत्येक अक्षर आपापल्या पायांवर उभे. गोलाईने त्यांचे काही अडत नाही. अडते ते देवनागरीचे. आपली अक्षरे एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी आहेत. दोरी कशी ताणायची हे आधी ठरवावे लागते.

शुद्ध झालेली ही अक्षरे भांड्यावर बसवायची पहिली रीत त्याने निवडली ती छाया पाडण्याची. समोर एका सपाट पडद्यावर मजकूर दोन ओळींत लिहायचा आणि त्याची सावली सरळ गुंडाच्या पोटावर पाडायची. संगणकावर ते चित्र समोरून पाहिले तेव्हा मी खूश झाले. अक्षरे वळणदार, ओळ सरळ. मग त्याने मॉडेल फिरवले. मधली अक्षरे ठीक होती. कडेची मात्र रबरासारखी ताणलेली. हिशेब साधा आहे. गुंडाच्या पोटाची त्रिज्या १५ सेंटिमीटर धरा. ओळ २६ सेंटिमीटर लांब असेल, तर तिचे टोक मध्यापासून १३ सेंटिमीटरवर येते. तिथे पृष्ठभाग साठ अंशांनी वळलेला असतो, आणि सावली दुप्पट रुंद पडते. खोली उलट निम्मी होते: मध्यावर ०.४ मिलिमीटर खोदलेली रेघ कडेला जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणजे कडेचे अक्षर फताडेही आणि उथळही. एकाच जागी उभ्या असलेल्या पाहणाऱ्यासाठी केलेले हे लेखन होते. गुंड मात्र कमरेवर असतो, तो चारी बाजूंनी दिसतो.

दुसरी रीत गुंडाळण्याची. कागदावर मजकूर छापून तो कागद भांड्याला लपेटावा, तशी. नळकांड्यावर ही रीत उत्तम चालते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी पाहा. शंकूवरही चालते. पण गुंडाचा खांदा दोन्ही दिशांनी वळतो, आणि असा पृष्ठभाग कागदाने सुरकुती वा चीर न पडता झाकता येत नाही. गाउसने १८२७ साली हे गणिताने सिद्ध केले; नकाशे काढणाऱ्यांना ते अनुभवाने त्याआधीच ठाऊक होते. १५६९ च्या मर्केटरच्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश अवाढव्य दिसतात ते याचमुळे. आमच्या गुंडावर शिरोरेषेशी त्रिज्या ११ सेंटिमीटर आणि अक्षरांच्या पायाशी १२. एवढ्याशा फरकाने वरचा घेर सुमारे ६९ सेंटिमीटर, तर खालचा ७५ च्या वर जातो. हे सहा सेंटिमीटर कुठून तरी यायलाच हवेत. सॉफ्टवेअरने ते अक्षरांच्या अंगातून काढले. ‘म’ खाली फाकला, ‘भ’ बसकट झाला, सगळे काने चाकाच्या आऱ्यांसारखे पसरले. ते टाळायचे म्हणून त्याने एकेक अक्षर सुटे करून सपाटच बसवले, तर शिरोरेषेचे तुकडे पडून तिला कोपरे आले. वर्तुळाचा बहुकोन झाला. पहिल्या आवृत्तीत मजकुराने भांडे विचारात घेतले नव्हते. दुसरीत त्याने भांडे झाकायचा प्रयत्न केला.

इथे तो कंटाळला. मी त्याला आईचा गुंड आणून दिला आणि म्हटले, “यात आधी काय केलंय ते बघ.” तो बराच वेळ गुंड फिरवत राहिला. मग म्हणाला, “बाई, यानं अक्षरं आणलीच नाहीत. यानं रेघ आणली.”

तिसरी आवृत्ती त्याने त्या वाक्यावर उभी केली. आधी गुंडाच्या खांद्यावरच एक वर्तुळ काढले. ती शिरोरेषा, कुठेही न तुटणारी. अक्षरांच्या स्वतःच्या शिरोरेषा काढून टाकल्या. मग एकेक अक्षर त्या वर्तुळाला, त्या त्या जागच्या उतारावर, टांगले. अक्षराचे अंग ताणले नाही. खालचे सहा सेंटिमीटर अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाटून गेले, आणि जुन्या कारागिरानेही तेच केले होते असे मोजून पाहता आढळले. खोलीसाठी त्याने गुंडाच्या पृष्ठभागाचीच एक प्रत ०.३ मिलिमीटर आत सरकवून घेतली, आणि या दोन कातड्यांच्या मध्ये येईल तेवढेच अक्षर कोरले. म्हणजे खोली सगळीकडे सारखी, आणि मिलिमीटरभर पत्र्याला धोका नाही. मी मॉडेल फिरवीत वाचले. मजकूर चालला.

यावर कोणी म्हणेल की, हाताचे ते हाताचे आणि यंत्राचे ते यंत्राचे. मला हे मान्य नाही. आयव्हन सदरलँडने १९६३ मध्ये संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढून दाखवली; पुढे रेनो कंपनीत पिएर बेझिए मोटारींच्या अंगांसाठी ज्या वक्ररेषा वापरू लागले, त्याच जातीच्या वक्ररेषांनी आज संगणकातल्या अक्षरांच्या कडाही लिहिल्या जातात. अक्षर आणि भांडे यांची भाषा यंत्रात एकच आहे. र. कृ. जोशींसारख्या हाताने लिहिणाऱ्या सुलेखनकारानेच ‘मंगल’ हा संगणकाचा टंक घडवला, तो काही हात विसरून नव्हे. यंत्राने पहिल्या दोन आवृत्त्यांत जे बिघडवले ते आम्ही त्याला सांगितले म्हणून. तिसरीत जे साधले तेही आम्ही सांगितले म्हणूनच. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली. गुंडाच्या वळणाशी शिरोरेषेचा संवाद, तिच्याशी कान्यांचा विरोध, आणि मोकळ्या जागांनी राखलेला समतोल, असे मी त्या तिसऱ्या आवृत्तीचे वाचन करीन. लय ही अक्षरात नव्हती. ती अक्षर आणि घाट यांच्या नात्यात होती.

आता जे सांगायचे ते सांगणे जड आहे. या सगळ्या काळात माझी नवी कादंबरी टेबलावर पडून होती. आमच्याच परिसरातली, धानाची बांधी, रोवणीच्या बाया, बोडीच्या पाण्यावरची भांडणे. तिची पहिली प्रकरणे मी नात्यातल्या एका वृद्ध बाईंना वाचून दाखवली होती. त्या मराठी वाचत नाहीत, पण झाडीबोली आणि पोवारी दोन्ही त्यांच्या कानात मुरलेल्या. ऐकून म्हणाल्या, “तुझी मास्तरीण बरी बोलते गं. बाकीची मात्र सोंगं आणल्यावाणी बोलतात.” मला राग आला होता. बोली मी मेहनतीने आणली होती. जागोजागी शब्द पेरले होते.

ताणलेल्या अक्षरांचे मॉडेल पाहताना तो राग ओसरला, कारण मला माझीच रीत दिसली. पुस्तकी मराठीचा दिवा मी एका जागी लावला होता आणि माणसांवर त्याची सावली पाडली होती. दिव्यासमोर उभी असलेली मास्तरीण नीट उमटली. कडेची माणसे, बांधीतली आणि बोडीवरची, ताणली गेली आणि उथळही झाली. आणि त्या ताणालाच मी ग्रामीण रंग समजत होते. एका प्रकरणात मी उलटे केले होते: सगळीच बोली लपेटली होती. तिथे सुरकुत्या पडल्या होत्या, कारण माणूस काही नळकांडे नसतो. दोन्ही वेळा भाषा आधी सपाट लिहून मग जीवनावर बसवली होती. त्या जीवनाची स्वतःची रेघ कोणती, एक बाई दुसरीला हाक मारून वाक्य कुठे टेकवते आणि कुठे सोडते, हे मी आधी फिरवून पाहिले नव्हते. आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद फडके-खांडेकरांच्या नावाने पिढ्यानपिढ्या चालला. आपण सावली पाडतो आहोत, गुंडाळतो आहोत की टांगतो आहोत, हा प्रश्न मला त्याहून निकडीचा वाटतो. निदान आमच्यासारख्या कडेला राहून लिहिणाऱ्यांना तरी.

एक गोष्ट राहिली. विद्यार्थ्याने शेवटी विचारले, “बाई, ‘सन’ जवळची दाटी तशीच ठेवू का? आजीच्या गुंडासारखी वाटेल.” संगणकाला घेर आधीच ठाऊक असतो, त्याला जागा कमी पडत नाही, दाटी मुद्दाम करावी लागली असती. मी नको म्हटले. ती दाटी त्या कारागिराच्या हाताची होती, वेळेवर आलेल्या एका अडचणीतून त्याने काढलेली वाट होती. आपली अडचण ती नव्हे. तिची नक्कल करणे म्हणजे पुन्हा सावलीच पाडणे. फूल मात्र ठेवले, कारण मजकूर कुठे सुरू होतो हे वाचणाऱ्याला कळायलाच हवे.

नवा गुंड अजून यायचा आहे. कादंबरीची तीन प्रकरणे मी परत काढून घेतली आहेत आणि त्या वृद्ध बाईंच्या ओट्यावर सध्या लिहायला नव्हे, ऐकायला जाऊन बसते. वाचकांच्या घरी माळ्यावर नाव घातलेले एखादे भांडे असेल, तर या दिवाळीत ते चिंच लावून घासावे आणि एका जागी ठेवून नव्हे, हातात फिरवीत वाचावे.